धाकटीच्या गोष्टीतला खुनी

प्रकरण शेवटचं

खुनी घड्याळजी आहे.

आधीच सांगून टाकलं, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. ज्याने घड्याळं दुरुस्त करता करता, नुसत्या कानांनी, आयुष्यभर दुसऱ्यांचे खुनी पकडले, त्यानेच तरुणपणी एक माणूस मारला होता. नव्या पुस्तकात त्याची धाकटी बहीण हे शोधून काढते. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे हे. आम्हाला ते फार आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकाच बाईला, आणि ते पुस्तक रोज आम्हाला वाचून दाखवणारी बाई तीच होती.

प्रकरण पहिलं

आम्ही छत्र्या करतो. कापड शिवून येतं, सांगाडे लोखंडाच्या खात्यातून येतात, आणि आम्ही त्या दोघांचं लग्न लावून देतो. काडीच्या टोकाला टोपी, टोपी कापडाच्या कोपऱ्याला टाचायची, काडीच्या मध्यावर एक टाका, गाठ, दाताने दोरा तोडायचा, उघडून बघायची, मिटायची, पुढची. हात कामात, डोळे कामात, कान रिकामे. म्हणून आमच्या खात्यात पूर्वीपासून एक वाचणारी असते. खोलीच्या मधोमध उंच स्टूल, त्यावर ती. भोवती बाकांवर आम्ही. ती टाका घालत नाही. त्याबदल्यात प्रत्येकीने दिवसाची एक छत्री तिच्या नावावर टाकायची. मालकिणीची हरकत नाही. गोष्ट चालू असली की आम्ही भांडत नाही.

नियम एकच आहे. ऐकणारीला शंका आली तर तिने म्हणायचं, "बोट." वाचणारीने पुस्तक तिथल्या तिथे आमच्याकडे फिरवायचं आणि वाचत होती त्या ओळीवर बोट ठेवायचं. ओळ बरोबर निघाली, तर शंका घेणारीने महिनाभर दुप्पट छत्र्या द्यायच्या. चूक निघाली, तर वाचणारीने स्टुलावरून उतरायचं आणि सुई हातात घ्यायची. पूर्वी कुणीतरी पानं गाळत असणार, त्याशिवाय असला नियम होत नाही. आमच्या काळात कुणी बोट म्हटलेलं नव्हतं.

स्टुलावर मास्तरीण होती. ती कुठल्याही शाळेत शिकवत नव्हती, पण तिच्या आवाजात छडी होती. घड्याळजीची सगळी जुनी पुस्तकं तिने आम्हाला वाचून दाखवली, एकदा नाही, फिरून फिरून. मधेच थांबायची आणि विचारायची, "बोला, खुनी कोण?" चुकीचं नाव घेतलं की संपलं. मग ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "तुझ्या डोक्यात भुसा असता तर निदान उशी तरी झाली असती." सगळं खातं हसायचं. आमच्यातल्या एकीला तर नावं घेतल्याशिवाय राहवायचंच नाही, तोंडाचा पट्टा सतत चालू. मास्तरीण एकदा तिला म्हणाली, "तू मुकी झालीस तर जगाचं कल्याण होईल." त्या दिवसापासून तिचं नाव मुकी. तिच्या नवऱ्यानेही घरी तेच उचललं.

संशयित

मास्तरीण. वय झालेलं. डोळे गेलेले. पूर्ण नाही, उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, पण अक्षर म्हणजे काळी मुंगी, तीही पळणारी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जुनी पुस्तकं तिला तोंडपाठ होती, ती पुढ्यात उघडी ठेवून ती अंदाजाने पान उलटायची. तिला हवं होतं फक्त ते स्टूल. त्या स्टुलावर तिचं घरातलं ताट उभं होतं. मुलगा लांब कुठेतरी नोकरीला, घरात दोघीच, आणि घरातली दुसरी तिला म्हणत असे, "स्टूल आहे तोवर तुम्ही सासू. नंतर पाहुण्या."

सूनबाई. घरातली दुसरी ती हीच. आमच्यात बसते, खिडकीजवळच्या बाकावर. वाचायला येतं, आवाज बरा आहे, टाके वाईट आहेत. तिलाही ते स्टूल हवं होतं. डोळ्यांचं तिला ठाऊक होतंच. एका घरात राहून कसं ठाऊक नसेल, मास्तरीण मिठाच्या जागी साखर घालायला लागली होती.

आम्ही. आम्हाला काय हवं होतं? काही नाही. आम्हाला मजा हवी होती.

गुन्ह्याचं हत्यार

मुकादमाने नवं पुस्तक आणलं. जुना लेखक मरून जमाना झाला, आता भलत्याच कुणीतरी घड्याळजीच्या बहिणीवर लिहिलं होतं. जुन्या पुस्तकांत ती बहीण होती, नाही असं नाही. दार उघडायची, चहा ठेवायची, आत जायची. तिला एक वाक्यही नव्हतं. आता म्हणे तीच गुप्तहेर.

"सगळीकडे याचंच चाललंय," मुकादम म्हणाला आणि पुस्तक मास्तरणीच्या मांडीवर ठेवलं. "उद्यापासून हेच वाचा."

मास्तरणीने पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं. "चहा ठेवणारीवर पुस्तक," ती म्हणाली. "उद्या घड्याळजीच्या मांजरावर येईल."

आम्ही हसलो. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. नंतर सूनबाईने सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं की त्या क्षणी तिच्या पायाखालची जमीन सरकली होती. अगदी नवं पुस्तक, एक ओळही पाठ नाही.

वाचणारीने पुस्तक घरी नेऊन आधी नजरेखालून घालायची पद्धत आहेच. तिने ते घरी नेलं आणि सुनेपुढे ठेवलं.

उलटतपासणी

(हे सूनबाईने आम्हाला जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या कोठीत, दोन्ही आवाज काढून करून दाखवलं. सासूचा आवाज काढताना ती मान जरा वर धरायची, डोळे छताकडे. आमच्या पोटात दुखेपर्यंत आम्ही हसलो.)

"सूनबाई, जरा वाचून दाखवतेस?"

"तुम्हाला वाचून दाखवू? तुम्ही तर मास्तरीण."

"चष्म्याचा नंबर बदललाय."

"मग नवा करा."

"करते. तोवर वाच. रोज एक प्रकरण वाचलंस तरी पुरे, माझ्या लक्षात राहतं."

"आई, आणि मी अडखळले तर? मला नाही हो तुमच्यासारखं येत."

"अडखळ. काही बिघडत नाही."

"बरं. पण भांडी तुम्ही घासायची."

"घासते."

"आणि पाय चेपायचे माझे. बसून बसून अवघडतात."

(इथे सूनबाई थांबायची. कुणीतरी विचारायचं, "चेपले?" ती पाऊल पुढे करायची. "बघा, कसे मऊ झालेत.")

मधली पानं

तेव्हापासून असं चालू झालं. संध्याकाळी घरी सूनबाई सासूच्या पुढ्यात पुस्तक उघडायची आणि पुस्तकात नाही ते वाचायची, मनाने रचलेलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मास्तरीण बाकावर आडवी होऊन डुलकी काढायची, तेवढ्यात सूनबाई कोठीत आम्हाला खरं प्रकरण वाचून दाखवायची. मुकादमाकडे दुसरी प्रत होती, ती त्याने स्वतः दिली. त्यालाही गंमत हवी होती. आणि सुट्टी संपली की मास्तरीण स्टुलावर चढायची, घसा साफ करायची, आणि खरं पुस्तक मांडीवर उघडून खोटं वाचायची.

खऱ्या पुस्तकात धाकटीला माळ्यावर भावाचं जुनं घड्याळ सापडतं. मास्तरणीने वाचलं, धाकटीला माळ्यावर शेजारच्या डॉक्टरची हातमोज्यांची जोडी सापडते. सूनबाईचा खुनी डॉक्टर होता. का, तर तिला आमच्या दवाखान्यातला डॉक्टर आवडत नाही.

गंमत म्हणजे मास्तरीण ते फार छान वाचायची. सूनबाईने फुटकळ शब्दांत ढकललेलं प्रकरण तिच्या तोंडून असं निघायचं की हातमोज्यांच्या आत कुणाचा तरी हात अजून आहे असं वाटावं. आम्ही खाली मान घालून टाके घालायचो आणि एकमेकींना कोपराने ढोसायचो. एखादी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळायची. खोट्या प्रकरणाच्या शेवटी मास्तरीण विचारायची, "बोला, खुनी कोण?" आणि आम्ही एकापाठोपाठ एक म्हणायचो, "डॉक्टर असेल का हो, मास्तरीणबाई?" ती खूश व्हायची. "आज भुशाला धुमारे फुटलेत," म्हणायची.

बोट कधी म्हणायचं, यावर कोठीत चर्चा झाली. काहीजणी म्हणाल्या, आताच म्हणू. मुकी म्हणाली, "छे गं, इतक्यात नाही. शेवटच्या प्रकरणात. तिने खुन्याचं नाव घेऊ दे आधी. नाव घेतलं की लगेच." सगळ्यांना पटलं. सूनबाईला पटलं नाही, पण तिचं एकटीचं काय चालणार.

मधे एकदा मालकीण खात्यात येऊन गेली. दारात उभी राहून तिने थोडं ऐकलं. तिनेही पुस्तक वाचलेलं होतं. ती मुकादमाकडे बघून हसली आणि गेली.

साक्षीदार

मास्तरणीला संशय आला. काही झालं तरी तिने आयुष्य गुप्तहेर कथांत काढलं होतं.

तिने मुकीला हात धुवायच्या नळाशी गाठलं. मुकीलाच का, ते मुकीने नंतर आम्हाला सांगितलं, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरीण तिला म्हणाली होती, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तुला विचारते." तिची समजूत अशी, की जिला गप्प राहता येत नाही तिला खोटंही बोलता येत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसतो, हे तिला इतकी पुस्तकं वाचून कळलं नव्हतं.

नळ चालू होता. मास्तरीण म्हणाली, "माझी सून वाचताना अडखळत नाही."

"बरंच आहे की."

"नवं पुस्तक वाचताना कुणीही अडखळतं. मीसुद्धा अडखळायचे." मग जरा वेळाने, "मला दिसत नाही गं."

"काय दिसत नाही?"

"काहीच."

मुकीने तोंडावर हात ठेवला. मास्तरणीला ते दिसलं नाही, पण तोंडावर हात ठेवल्याचा आवाज तिला आला असणार, कारण ती म्हणाली, "ओरडू नकोस. ऐक. तू वाचलं असशील ते पुस्तक, किंवा ऐकलं असशील कुणाकडून. तुला सगळंच माहीत असतं. खरा खुनी कोण, एवढंच सांग. बाकीचं मी जमवते. मला सुई ओवता येणार नाही, मुकी. खाली बसवलं तर मी मेले."

"मास्तरीणबाई, रडू नका."

"मी रडत नाहीये, नळ आहे तो."

मुकीला खरं सांगता आलं असतं. तिच्या जिभेच्या टोकावर होतं, ती शपथेवर सांगते. पण मग तिला आठवलं की तिचा धाकटा मुलगासुद्धा आता तिला हाक मारताना आई म्हणत नाही.

"खुनी धाकटीच," मुकी म्हणाली. "घड्याळजीच्या बहिणीनेच मारलेलं असतं. शेवटी ती कबूल करते."

"अस्सं," मास्तरीण म्हणाली. तिने मुकीचा हात हातात घेतला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. "देव तुझं भलं करो."

मुकीने कोठीत येऊन हे सगळं पुन्हा करून दाखवलं, नळासकट. आम्ही म्हटलं, आता तर मजाच. घरची डॉक्टर सांगतेय, नळावरची धाकटी सांगतेय. बघू म्हातारी कुणाच्या गळ्यात घंटा बांधते.

प्रकरण शेवटचं, पुन्हा एकदा

त्या दिवशी कुणी रजा घेतली नाही. लोखंडाच्या खात्यातली माणसंही सांगाडे पोचवायच्या निमित्ताने येऊन दाराशी रेंगाळत होती.

मास्तरीण चढली. पुस्तक उघडलं. सूनबाईने खिडकीजवळ सुई खाली ठेवल्याचं आम्ही पाहिलं. ती तयार होती.

मास्तरणीने वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्याच पानावर तिने डॉक्टरला सोडून दिलं. हातमोजे डाव्या हाताचे होते दोन्ही, जोडी नव्हतीच, कुणीतरी ते तिथे ठेवले होते, धाकटी चुकावी म्हणून. आम्ही सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने मान हलवली. हे तिने रचलेलं नव्हतं.

मुकी पुढे झुकली. आता धाकटीवर येणार.

पण मास्तरणीने धाकटीलाही सोडलं. इतकं सोपं, इतकं स्वच्छ, की मुकीच्या तोंडून "हो की" निघून गेलं. मग ती घड्याळजीकडे वळली. आम्हाला वाटलं, हिला खरं कळलं कसं. तर तिने त्यालाही बाजूला केलं. जुन्या पुस्तकांतली एकेक गोष्ट तिने बाहेर काढली, आम्ही शंभरदा ऐकलेली, कुठल्या घड्याळाचा काटा कधी अडकला होता, चहा ठेवताना बशी कधी वाजली होती, आणि कधी वाजली नव्हती. सगळं एका जागी येऊन उभं राहायला लागलं. कोणीतरी एक माणूस होता. सगळ्या पुस्तकांत होता. आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि आम्ही त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

सुया थांबल्या. आम्हाला ते नंतर कळलं. कुणाच्या मांडीवर अर्धी छत्री उघडी तशीच. दाराशी उभा असलेला एकजण सांगाडा खांद्यावर घेऊन तसाच, उतरवायचं भान नाही. खरं सांगायचं तर बोट म्हणायचं आम्ही विसरलो. आमच्यातल्या एकीलाही आठवण नव्हती. आम्हाला फक्त नाव हवं होतं.

सूनबाई एकटी विसरली नव्हती. ती आमच्याकडे बघत होती. आमच्या तोंडांकडे. तिला दिसत होतं की आता नाव आलं की हे स्टूल तिला जन्मात मिळत नाही.

मास्तरीण म्हणाली, "धाकटीने कप खाली ठेवला. खोलीतल्या सगळ्यांवरून तिची नजर फिरली आणि ज्याच्यावर थांबली तो—"

"बोट," सूनबाई म्हणाली.

कुणीतरी म्हणालं, "थांब ना गं."

"बोट म्हटलंय मी. नियम आहे की नाही?"

मुकादम पुढे आला. नियम होता. मास्तरणीने पुस्तक आमच्याकडे फिरवलं. तिने बोट उचललं, हवेत जरा वेळ धरलं, आणि ठेवलं. ठामपणे ठेवलं, जसं काही तिला ओळ दिसतेय.

बोट समासावर होतं. पान उलटं होतं.

मुकादमाने घसा खाकरला. "उतरा, मास्तरीणबाई."

ती उतरली. उतरताना तिने पायाने जमीन शोधली. हात द्यायला कुणी उठलं नाही. आपण उठलो तर दुसऱ्या काय म्हणतील, असं प्रत्येकीला वाटलं असणार. किंवा नसेलही वाटलं.

सूनबाई चढली. तिने तेच पुस्तक घेतलं, पान सरळ केलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं. खुनी घड्याळजी. एकही शब्द चुकली नाही. आम्ही टाके घातले. आमच्यातल्या एकीने जांभई दिली.

पुस्तकाबाहेर

आता सूनबाई वाचते. बरं वाचते. रोज प्रत्येकीची एक छत्री तिच्या नावावर जाते.

मास्तरीण आमच्यात बसते, मुकीच्या शेजारी. घरी ती स्वयंपाकघराच्या दाराशी झोपते असं सूनबाईनेच सांगितलं, सहज बोलता बोलता. दिवसभर काड्या चाचपते, टोप्या तिच्या बोटांतून निसटून बाकाखाली जातात, आणि त्या शोधायला ती खाली वाकली की आम्ही पाय उचलून घेतो.

सुरुवातीला आम्ही तिला सुई ओवून द्यायचो. आणि विचारायचो.

"मास्तरीणबाई, कोण होता हो तो?"

ती पुढची काडी चाचपायला लागायची.

"पोस्टमन?" "घरमालकीण?" "तो कोळसेवाला, दुसऱ्या पुस्तकातला?" आमच्यात यावरून भांडणं झाली. दोघींनी बोलणं टाकलं, एक पोस्टमनवाली, एक कोळसेवाली. जुनी पुस्तकं आम्ही पुन्हा काढली, सूनबाईकडून वाचून घेतली, बशी कुठे वाजते ते मोजलं. खुनी सापडत नाही. कुणीतरी आहे तिथे, एवढं नक्की, पण सूनबाईच्या आवाजात तो दिसत नाही.

आम्ही लालूच दाखवली. "नाव सांगा, रोज दोन छत्र्या तुमच्या." मग चार. मुकीने तर शपथ घालून पाहिली, मास्तरणीच्या मुलाची. सूनबाईने घरी विचारून पाहिलं, तिच्या पद्धतीने. दोन दिवस ताट वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरीण कामावर आली ती भिंतीला धरून, पण नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही.

मुकी म्हणाली, "तिलाही ठाऊक नसेल. उगाच वेळ काढत होती."

"असेल तसं," मास्तरीण म्हणाली, आणि हसली. ते हसू बघून आमच्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून मग आम्ही ठरवलं. नाव सांगेपर्यंत हिची सुई कुणी ओवायची नाही.

आज कितवा दिवस आहे कोण जाणे. ती सकाळी येते, सुई मागते, कुणीतरी तिच्या हातात सुई ठेवतं. ती बसते. काडी चाचपते, कापडाचा कोपरा शोधते, टोपी बसवते आणि टाके घालायला लागते. सावकाश, एकसारखे, सुबक टाके. गाठ मारते. दाताने दोरा तोडते. छत्री बाजूला ठेवते. संध्याकाळी मुकादम ती उघडायला जातो तेव्हा कापड काड्यांवरून घसरून त्याच्या हातात येतं, कारण त्या सुईत दोरा नसतोच.

हे तिला कळत असेल का, आम्हाला माहीत नाही. तेवढं आम्ही तिला विचारलेलं नाही. आम्ही तिला फक्त नाव विचारतो.